तारीख बघून

बॅटलीतल्या चर्चच्या तळघरात
दर मंगळवारी आम्ही डबे लावतो,
मी विश्वास ठेवणारी, तो न ठेवणारा.
क्लिफर्ड ओल्डरॉइड, वय एकोणऐंशी,
लोकरीच्या गिरणीत मेकॅनिक, गिरणी होती तोवर.
प्रत्येक डबा उलटा करतो, बुडाची तारीख वाचतो,
चष्मा कपाळावर, डबा नाकाशी.
"मिसेस उजगरे, तुमच्या देवाच्या बुडाशी
काही छापलंय का?"

मी म्हणते, छापलं असेल तर तुम्हालाच दिसेल.
माझी नजर अधू.

सहा वर्षं हे असं चाललंय.
वाटाणे, ट्यूना, टोमॅटो, आणि मध्येच
लहान पोरांना कॅन्सर का होतो.
मी तीस वर्षं पोरांच्याच वॉर्डात काढली.
पाठ केलेली उत्तरं तिथे
घशाबाहेर आली नाहीत कधी.
म्हणून सांगते, माहीत नाही.
तो म्हणतो, हे तुमच्या पाळकांनी
एकदा तरी म्हणावं.

मार्चमध्ये मी त्याला पणजोबांचं सांगितलं.
रखमाजी, शेवगावकडचे. दुष्काळ.
गावच्या आडाची पायरी चढायची नाही
असा नियम, ओठ फुटले तरी.
मिशनच्या विहिरीवर एका बाईनं
त्यांच्या हातात पोहरा दिला.
वरून ओतलं नाही. हातात दिला.
तेवढ्यावर आमचं घराणं ख्रिस्ती झालं.
गावात म्हणाले, पोटासाठी बाटले.
इथे म्हणतात, आम्ही टाकलेला कोट
तुम्ही अजून घालून फिरता.

सांगून झाल्यावर मी जरा ताठ उभी राहिले.
तो सुतळी कापत होता. म्हणाला,
"मग ते पाणी होतं, मिसेस उजगरे. देव नव्हे.
आणि तहानलेल्याला पाणी देताना
कुणी नाव पुढे केलं असेल,
तर तो सौदा."

मी बस सोडली, चालत निघाले.
अख्खा चढ त्याला उत्तरं देत होते,
चोख, बिनतोड,
आणि कुलपात किल्ली घालेपर्यंत
एकही उरलं नाही.
पाणी पिऊन मग नाव विचारलं त्यांनी,
की नाव ऐकून मग पाणी?
आमच्या घरात ही गोष्ट
नेहमी पोहऱ्यापाशीच थांबत आली.
पुढचं कुणी विचारलं नाही. मीही नाही.

पुढच्या मंगळवारी पिशव्या भरून तयार,
प्रत्येकीत वरच एक गुळगुळीत पत्रक:
येशू तुमच्यावर प्रेम करतो. रविवारी साडेदहा.
करतोच. माझं सगळं त्यावर उभं आहे.
तरी मी एकेक पत्रक काढत गेले,
एक्केचाळीस पिशव्या.
पाळकबाई जिन्यात थबकल्या.
म्हटलं, दाराशी टेबलावर ठेवते,
ज्याला हवं तो उचलेल.
त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या.
मग वर जाऊन केटल लावली.

क्लिफर्डनं गठ्ठ्यातलं एक घेतलं,
मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं:
वाटाणे सव्वीस. दूध पावडर नऊ.
तारीख उलटलेले चार.

"जिंकलात असं समजू नका," मी म्हटलं.
"कसला जिंकतोय," तो म्हणाला,
"तुम्ही डगमगाल असं वाटलं होतं.
तुम्ही तर आणखीच ख्रिस्ती झालात.
वैताग आहे नुसता."

चार वाजता दार उघडलं.
रांगेतला पहिला पोरगेलासा माणूस,
बुटांना चुन्याचे डाग,
टोपी हातात धरून विचारू लागला,
हे मिळायला आधी काय करावं लागतं?

आम्ही दोघं एकदमच बोललो.
काही नाही.